जळकोटचे चुकीचे ट्रॅक्टर

नांदेडला उतरले तेव्हा स्टेशनबाहेरचे रिक्षावाले मफलर गुंडाळून बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्षातून एकदा मी असा एकटीने प्रवास करते आणि लहान गावांतली संग्रहालये पाहते. त्यांची किल्ली शेजारच्या घरी असते आणि वस्तूखालची माहिती कुणीतरी स्वतःच्या अक्षरात रंगवलेली असते. या वेळी नांदेड-लातूर ठरवले, तेव्हा नाशिकला घरच्यांनी विचारले होते, "तिकडे काय आहे बघायला?" मलाही नीट सांगता आले नव्हते.

पहिला मुक्काम कंधार. एसटी स्टँडवर गरम सुशीला (चुरमुऱ्यांचा तिखट उपमा) खाल्ला आणि किल्ल्याकडे चालत गेले. खंदकात शेवाळलेले पाणी होते. गावात एका प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत. त्यातल्या दगडी पावलापाशी उभी राहिले, तर अंगठाच माझ्या तळहातापेक्षा कितीतरी मोठा. एवढी मूर्ती घडवणाऱ्यांनी ती अशी तुकड्यांत उरेल हे मनात तरी आणले असेल का, असे वाटले. जवळच शेळ्या चारणाऱ्या बाईने विचारले, "कुठून आलाव?" नाशिक म्हटल्यावर ती म्हणाली, "एवढ्या लांबून पाय बघायला?" आणि हसत शेळ्यांमागे गेली.

तिथून जांबच्या वाटेवर एका खेड्यात कांबळे सरांचा संग्रह पाहिला. सर निवृत्त शिक्षक. बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत त्यांनी गावाचा इतिहास मांडला आहे: पायली, अधोली ही धान्याची मापे, निजामाच्या वेळची नाणी, हातमागाचा धोटा. भिंतीवर एक जुना फोटो होता. तलावाच्या कामावर डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका रांगेत उभ्या.

"ही डाव्या अंगाची माझी आजी," सर म्हणाले. "बाकीच्यांची नावं तिला पाठ होती. ती होती तोवर मी विचारली न्हाईत. आता कुणालाच ठाऊक न्हाईत."

फोटोखाली आजीचे नाव रंगवलेले होते आणि बाकीच्या बायकांच्या नावांची जागा मोकळी. निघताना सरांनीच सांगितले, "जळकोटला गेलात तर व्यंकटरावांचे ट्रॅक्टर बघा. जुन्यात जुने हायत. पत्ता पुसायची गरज न्हाई, कुणीबी दावंल."

जळकोटपर्यंतचा रस्ता माळरानाचा. खडकाळ उतारावर मध्येच काळ्या रानाचा पट्टा, त्यात ज्वारी उभी, कडेला करडईची पिवळी फुले. वडापच्या (प्रवासी नेणाऱ्या खासगी जीपच्या) मागच्या बाकावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. शेजारच्या म्हाताऱ्याने सदऱ्यात खोचलेली पिन काढून लावून दिली. त्याच चपलेने लंगडत मी व्यंकटरावांच्या शेतात पोचले.

पत्र्याच्या लांब शेडमध्ये ट्रॅक्टर ओळीने उभे होते. काही लाल, काही रंग उडून करडे झालेले, एकावर नंतर कुणीतरी हिरवा रंग चढवलेला. पुढची चाके लहान, नाक लांब, धुराडी उभी. लोखंडी सीट पानासारखी पसरट. सगळ्यांवर तेलाचा हात फिरवलेला. व्यंकटराव सत्तरीपुढचे, धोतर-सदरा आणि वर स्वेटर. मी म्हटले, "केवढा छंद हा तुमचा."

"छंद कशाचा, ताई," ते म्हणाले. "हे समदे चुकून आलेले हायत."

त्यांच्या पत्नीने तिथेच शेडमध्ये भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवता जेवता व्यंकटरावांनी जे सांगितले ते असे. गावातला पहिला ट्रॅक्टर त्यांच्या थोरल्या भावाने, दादाने, आणला. कुठल्या तरी परदेशी बनावटीचा, लाल. दोघे भाऊ आळीपाळीने नांगरट करायचे. व्यंकटराव शिकत होते तेव्हा त्यांनी तो लिंबाच्या झाडाला घासला आणि मडगार्ड दबले. दादा रागावला नाही, पोट धरून हसला. पुढे वाटण्या झाल्या, बांधावरून बोलणे वाढले. ट्रॅक्टर दादाच्या वाट्याला गेला होता. त्याने तो रागाच्या भरात देगलूरकडच्या माणसाला विकून टाकला.

"मला कळलं तेव्हा मी रानातच बसलो," व्यंकटराव म्हणाले. "जमीन गेली तरी चाललं असतं. ट्रॅक्टर कसा काय इकला त्यानं?"

दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. मग एकदा मुखेडच्या भंगारवाल्याकडे तसाच लाल ट्रॅक्टर असल्याचे कळले. व्यंकटरावांनी तो घरी आणला. पण तोच आहे का, हे खात्रीने सांगणारा एकच माणूस होता, तो घेणारा आणि विकणारा दादा. म्हणून ते लातूरला दादाच्या दारात गेले. दादा मुलाकडे राहायला गेला होता. त्याने सगळे ऐकून घेतले, ट्रॅक्टरचा फोटो पाहिला, आणि म्हणाला, "ते न्हाई."

"पुना दुसरा मिळाला. पुना गेलो. पुना 'ते न्हाई.' असं करत करत ही शेड भरली."

ओळीच्या शेवटी एक लाल ट्रॅक्टर जरा वेगळा उभा होता. मडगार्डवर ठोकून सरळ केलेला पोचा दिसत होता. व्यंकटराव उठले आणि त्यांनी त्यावर हात ठेवला.

"हा बिदरकडं वीटभट्टीवर सापडला. बघताक्षणी वळखला मी. एक हंगाम खपून चालू केला. दादाला तेव्हा अर्धांगवायू झालेला. म्हनलं फोटो नको, ट्रॅक्टरच नेऊ. टेम्पोत चढवून लातूरला नेला, त्याच्या दारात सुरू केला. दादा खुर्चीत बसला होता. चांगला हात उचलून त्यानं हितंच ठेवला, ह्या पोच्यावर. आन म्हनला, 'हे आपलं न्हाई, येंकट.'"

त्यांच्या पत्नी ताटे उचलत हळूच म्हणाल्या, "त्या दिसापासून लातूरला गेले न्हाईत. दादा गेले, तवा निस्तं गेटपाशी उभं राहून आले."

"मी चुकलोबी असंन," व्यंकटराव म्हणाले. "आता सांगनार कोन?"

मी उद्या लातूरला जाणार म्हटल्यावर त्यांनी शेतातून हुरडा (ज्वारीचे कोवळे दाणे) काढवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "दादाच्या घरी वैनीला लई आवडतो. वाटंवर घर हाय. द्याल का?"

उदगीरमार्गे लातूरला पोचले. जो खासगी संग्रह पाहायचा होता त्याचे मालक लग्नाला गेले होते, दाराला कुलूप. खिडकीच्या काचेतून एक तलवार आणि दोन पितळी समया दिसल्या, एवढेच. मग मी हुरडा घेऊन वहिनींकडे गेले.

वहिनी बारीक, ताठ बसणाऱ्या, कानाने जरा कमी. मुलगा कामावर गेलेला, घरात त्या एकट्याच होत्या. पिशवी उघडून त्यांनी दाणे नाकाशी नेले. "येंकटभावजींच्या रानातला," त्या म्हणाल्या. चहा झाला. मी शेड पाहिल्याचे सांगितले, शेवटच्या ट्रॅक्टरचेही. त्यांनी कप खाली ठेवला.

"ते तेच हाय," त्या म्हणाल्या.

मला नीट कळले नाही असे वाटून त्यांनी पुन्हा सांगितले. "आमच्या मालकांनी वळखलं होतं. भावजी टेम्पो घेऊन गेले अन् हे रडाया लागले. मी म्हनलं, का हो? तर म्हनले, तेच हाय गं. म्हनलं, मग न्हाई कशाला म्हनलात? तर म्हनले, हो म्हनलं असतं तर पुना कशाला आला असता तो?"



"ट्रॅक्टर घावला की भावजी यायचे," वहिनी सांगत राहिल्या. "दोन दिस राहायचे. कुठल्या गावात गेलो, कोण भेटलं, समदं सांगायचे. हे वाट बघायचे त्याची. त्यांना वाटलं, आता अजून धा वर्सं येईल. भावजी त्या दिसापासून आलेच न्हाईत. हे रोज गेटाकडं तोंड करून बसायचे."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"मालकांनी शपथ घातली होती. ते गेल्यावर म्हनलं दहाव्याला सांगू. भावजी गेटावरनंच माघारी फिरले. फोनवर कसं सांगावं असलं?" मग त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्ही सांगा, ताई. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या."

मी म्हटले, "मी नाही. हे तुम्हीच सांगायला हवं." आणि माझ्या फोनवरून व्यंकटरावांचा नंबर लावून दिला. त्यांना ऐकू कमी येत होते म्हणून आवाज मोठा केला. व्यंकटरावांनी उचलला. वहिनींनी आधी हुरडा पोचल्याचे सांगितले. मग एकही शब्द इकडेतिकडे न करता सगळे सांगितले.

पलीकडून नुसता रानातला वारा ऐकू येत होता. मला वाटले फोन तुटला.

"वैनी," शेवटी व्यंकटराव म्हणाले, "मी आलो असतो की. ट्रॅक्टर नसतं तरी आलो असतो."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हे तुमी त्यांना कधी म्हनले न्हाई, भावजी."

"न्हाई म्हनलो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

परतीच्या गाडीत मी काढलेले फोटो पाहत होते. कंधारचा किल्ला, कांबळे सरांची भिंत, शेड. जे पाहायला गेले ते पाहून झाले होते, तरी मन लागेना. मी तो फोन लावून बरे केले की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. जन्मभर आपण चुकीचा ट्रॅक्टर ओळखला असे वाटत राहणे बरे, की भाऊ शेवटपर्यंत आपली वाट पाहत होता हे कळणे? दोन्हींत सोपे कुठले, हे मला सांगता येणार नाही. दोघा भावांना एकमेकांकडे नुसते जाऊन बसायचे होते, आणि त्यासाठी दोघांनाही एक लोखंडी कारण लागत होते, एवढे मात्र खरे.

संक्रांत होऊन गेल्यावर वहिनींचा फोन आला. भावजी एसटीने आले होते. दादाच्या खुर्चीत बसले नाहीत, शेजारी पायरीवर बसले. चहा घेतला. दुपारच्या गाडीने परत गेले.

"पुन्हा येतो म्हणाले का?" मी विचारले.

"तसं न्हाई म्हनले," वहिनी म्हणाल्या. "पण मी तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या, स्टीलच्या डब्यात. डबा माघारी द्याया तर यावंच लागंल."