बटाट्याची कावड

बायको जाऊन महिना झाला होता. चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याचा मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपला, पाहुणे गेले, आणि मी पापडी गावातल्या घरात खाटेवर पडून असायचो. उठायचं कशाला, हेच कळत नव्हतं.

त्या रविवारी मुलाची सहावीतली मुलगी नायगावहून राहायला आली. सोमवारी शाळेत तिला प्रयोग दाखवायचा होता. बटाट्याच्या खाली सुई, दोन बाजूंना जेवणाचे दोन काटे, आणि सुईचं टोक बाटलीच्या बुचावर टेकवून बटाटा उभा ठेवायचा. सोबत घरातलं मोठं माणूस आणायचं होतं. आईबाप नोकरीला, आजी येणार, असं तिने आजी होती तेव्हाच बाईंना सांगून ठेवलेलं.

बटाटा दहा वेळा तरी पडला असेल. त्या आवाजानेच मी उठलो.

“काटे बैलाच्या शिंगांसारखे वर का केलेत?”

“पुस्तकात नीट दिसत नाही, आजोबा.”

“पुस्तक राहू दे. कावड बघितलीस कधी?”

“कुठे बघणार? आमच्याकडे लिफ्ट आहे.”

वाडीतली भाजी मी वीस वर्षं कावडीने बाजारात नेली. खांद्यावर बांबू, दोन टोकांना टोपल्या. दोर आखूड बांधले की माणूस हेलपाटतो. टोपल्या गुडघ्यापर्यंत खाली सोडल्या की चालता येतं. मी काटे खाली तिरके खोचले. बटाटा राहिला, पण एकीकडे कललेला.

“एक काटा जाड आहे. सारखे दोन पाहिजेत.”

“या घरात सारखं काही नाही. खांदा सरकवायचा.”

सुई काढून जाड काट्याच्या बाजूला जरा सरकवली. बटाटा सरळ झाला. बोट लावलं तर डोलला आणि परत जागेवर आला.

टोपल्या बायको भरायची. कुठली जड ते बघून बांबूला चिंधी बांधायची. मी डोकं न लावता खांदा तिथे घालायचो. बाजारात लोक म्हणायचे, याची कावड कधी हलत नाही. मी ऐकून घ्यायचो.

“उद्या तुम्ही याल?”

“मला शाळेतलं काय कळतं?”

“मग बाईंना काय सांगू?”

सकाळी दाढी केली आणि गेलो. वर्गात आया होत्या, आज्या होत्या, पुरुष मी एकटाच. बटाटा उभा राहिला. बाईंनी विचारलं, हे कोणी शिकवलं? पोर माझ्याकडे बघायला लागली.

“हिच्या आजीने,” मी म्हटलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. पाय दुखत होते.