सहाव्या संकल्पाखालची सही

एप्रिलच्या उन्हात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि चांगुणाबाई सोलापूरच्या नवी पेठेत लोकरीचा स्वेटर मागत होत्या. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या पंख्याकडे, आणि "मावशी, बरं वाटत न्हाय का?" म्हणत पाण्याचा ग्लास पुढे केला. "कॅनडाला चाललेय," हे ऐकल्यावरच तो माळ्यावर चढला.

कॅनडात त्यांचा मुलगा सतीश होता. सून कीर्तीला मे महिन्यात बाळ व्हायचं होतं, आणि कीर्तीला आई नव्हती. तीच फोनवर म्हणाली होती, "आई, सहा महिन्यांसाठी येताय, तर निघण्याआधी मनाशी काय काय ठरवलंय ते लिहून काढा. मीपण लिहितेय."

सातवी पास झाल्यापासून चांगुणाबाईंना कुणी गृहपाठ दिला नव्हता. त्यांनी तो मनावर घेतला. सतीशच्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडलं, पाच संकल्प लिहिले, आणि शुक्रवारी निघायचं तर बुधवारी दुपारी ते पान घेऊन शेजारी गोजरबाईंकडे गेल्या.

या दोघींनी मिळून बावीस वर्षं कडक भाकरीचा धंदा केला होता. चांगुणाबाई थापायच्या, गोजरबाई तव्यावर फडक्याने दाबून दाबून पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत भाजायच्या. एकीने दुसरीच्या कामाला कधी हात लावला नाही. एकीला ताप आला की त्या दिवशी चूलच पेटायची नाही. गिऱ्हाइकांना त्या सख्ख्या बहिणी वाटायच्या. पण सख्ख्या बहिणी इतकं भांडत नाहीत.

आता गोजरबाईंनी अंथरूण धरल्यापासून चार महिने चूल थंड होती. सतीशने "येताना कडक भाकरी आण" म्हटलं, तेव्हा चांगुणाबाई "बघू" एवढंच म्हणाल्या होत्या. गोजरबाईंना दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता जे खावंसं वाटेल ते द्या. "बघ, अखेर एक डॉक्टर तरी शाना भेटला," गोजरबाई म्हणाल्या होत्या. "सगळं पथ्यच काढून टाकलं!" त्यांची सून नीलम्मा तेव्हा तोंडाला पदर लावून आत निघून गेली होती.

"वाच की," गोजरबाई उशीला टेकत म्हणाल्या.

"एक. इमानात रडायचं न्हाय."

"इमानातच का? रस्त्यानं रडून घेणार व्हय?"

"गप बस. दोन. बाळाच्या अंघोळीवरनं कीर्तीला शिकवायचं न्हाय. तीन. 'आमच्या सोलापुरात' असं दिवसातनं तीनदाच म्हणायचं."

गोजरबाईंना हसण्याची उबळ आली आणि तिचा खोकला झाला. चांगुणाबाईंनी पाठ चोळली. पाठीचं नुसतं हाड हाताला लागत होतं.

"तीनदा?" दम परत आल्यावर गोजरबाई म्हणाल्या. "तुझं तीन तर सकाळच्या च्याआदीच संपतील."

"चार. पानात पडंल ते तोंड वाकडं न करता खायाचं. पाच. बाळ आदी त्याच्या आईच्या हातात द्यायचं, मग आपून घ्यायचं."

यावर गोजरबाईंनी थट्टा केली नाही. "हे ब्येस ल्हिलंस," त्या म्हणाल्या. "आता सहावं मी सांगते. मधी हितनं कायबी कळलं, तरी परत यायचं न्हाय."

चांगुणाबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

"तिकीट रद्द कर म्हणून सतीशला फोन करणार हायेस तू. नीलम्मा बोलली मला."

"तिला काय कळतंय?"

"तिला समदं कळतंय. चांगुणे, माझ्याजवळ ल्योक हाय, सून हाय. त्या पोरीजवळ कोण हाय? ल्ही."

चांगुणाबाई कागदावर वाकल्या. जरा वेळाने मान वर न करताच त्यांनी वाचलं, "मधी कायबी कळलं, तरी परत यायचं न्हाय."

"दाव."

गोजरबाईंना वाचता येत नव्हतं. बचत गटात त्या फक्त सही करायला शिकल्या होत्या, आणि ती पुरी होईपर्यंत बाकीच्या बायांचा चहा पिऊन व्हायचा. पण भाकरी किती मोठी आहे हे नुसत्या नजरेने सांगणारी बाई होती ती.

"बोलनं एवढं लांब, आन ल्हिणं एवढंसंच?"

"बारीक ल्हिलंय."

कागदावर लिहिलं होतं: गोजरा, मी येईपर्यंत थांब.

गोजरबाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. वाचता न येणाऱ्या माणसाने पाहावं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ.

"पेन दे."

"कशाला?"

"सही करते. सहीबिगर कागुद खरा हुतोय व्हय?"

चांगुणाबाईंनी कागदाखाली ताट धरलं. बाहेर भंगारवाला ओरडत गल्लीत शिरला, ओरडत ओरडत पार दुसऱ्या टोकाला गेला, त्याचा आवाजही विरला, तरी गोजरबाई अजून दुसऱ्याच अक्षरावर होत्या. कुणी घाई केली नाही. शेवटचा काना खाली घसरत पार कागदाच्या कडेपर्यंत गेला.

"झालं," गोजरबाई म्हणाल्या आणि दमून त्यांनी डोळे मिटले. "आता ठरलं. तुझं तू पाळ. माझं मी बघते."

चांगुणाबाईंनी कागदाची घडी केली आणि पासपोर्ट ठेवलेल्या पिशवीत नीट घातली. पहिला संकल्प विमानापुरता होता. चांगुणाबाई अजून सोलापुरातच होत्या.