एकशेपाचचा शेकडा

त्या गणिताचा मला अजून राग येतो, आणि ते घालणाऱ्याचा त्याहून जास्त. "एका बागाईतदाराने चार शेकडे संत्री चार टोपल्यांत भरली. तीन टोपल्यांत सारखी, चौथीत त्यांतल्या एकीपेक्षा वीस जास्त. तर पहिल्या टोपलीत किती?" लाडू घालायचे होते, पेन्सिली घालायच्या होत्या. नागपुरात बसून पेपर काढता आणि बागेत संत्री कशी मोजतात याचा पत्ता नाही तुम्हाला?

आमच्या काटोलकडच्या बागेत मोजणारा एका वेळी पाच फळं उचलतो. तो एक हात. वीस हात झाले की शेकडा भरतो, पण माणूस तिथे थांबत नाही. एखादं दबलेलं, किडलेलं निघेल म्हणून तो आणखी एक हात वर टाकतो. म्हणजे शेकडा एकशेपाचचा. आता कॅरेट आले, वजनकाटे आले, तरी जुनी माणसं अशीच मोजतात. माझे वडील असेच मोजायचे. मी बाजूला बसून मोठ्याने शेकडे म्हणायची.

हे सगळं माहीत असलेली बाई, म्हणजे मीच, नागपूरच्या शाळेत गणित शिकवते आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडेच ते पेपर तपासायला आले. परीक्षा वसतिगृहाच्या फुकट जागांसाठी होती. आमच्या आठवीतली एक मुलगी त्या जागेवर आस लावून होती. गाव काटोलजवळ, वडील बागेत फळं मोजणारे. इथे ती मावशीकडे राहायची आणि मावशीने आता पुढे जमणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. जागा मिळाली तर नववी नागपुरात, नाहीतर सामान बांधून गावी.

तिने लिहिलं होतं: पहिल्या टोपलीत क्ष मानू. तीन क्ष अधिक क्ष अधिक वीस बरोबर चारशे वीस. चार क्ष बरोबर चारशे. क्ष बरोबर शंभर. खाली पडताळाही घेतला होता, तीनशे आणि एकशेवीस मिळून चारशे वीस. एक पायरी चुकलेली नव्हती. चारशे वीस कुठून आले हे मला बघताक्षणी कळलं.

शेजारी बसलेल्या सरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला शंभरही मोजता येत नाहीत!" अख्खी स्टाफरूम हसली. मीही हसले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गावच्या बोलीत "करून राहिली" म्हणाले होते तेव्हा हेच लोक असेच हसले होते, आणि त्या दिवसापासून मी माझं गाव जिभेवर येऊ दिलं नाही. समीकरण चुकलं तर पुढच्या पायऱ्या बघायच्या नाहीत असा नियम होता. मी पाचपैकी शून्य दिलं. नियमाचा मला संताप येतो, सरांचा येतो, पण खरी चीड माझीच येते. हात माझा होता.

तीन गुण कमी पडले. यादी अजून लागायची होती, मुख्याध्यापकांच्या सहीला ठेवलेली. मी एक शब्द बोलले असते तरी पेपर पुन्हा बघितला गेला असता.

ती दुपारी स्टाफरूमच्या दाराशी आली. "मॅडम, मले पेपर दाखवता का?" सर तिथेच चहा पीत होते. मी पेपर पुढे केला. तिने शून्य पाहिलं, पायऱ्या बोटाने पुन्हा वाचल्या.

"हे काहून चुकलं, मॅडम? चार शेकडे म्हणजे चारशे वीसच होते ना? आमच्या इकडे शेकडा एकशेपाचचा असते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पण तिकडल्याच ना? माही मावशी म्हणे. तुमच्या गावी कितीचा असते?"

सरांनी कप खाली ठेवला.

"शंभराचा," मी म्हणाले. "शेकडा सगळीकडे शंभराचाच असतो."

तिने वाद घातला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने उभ्या उभ्या पेपराच्या मागच्या बाजूला चारशे घेऊन गणित पुन्हा मांडलं, अर्ध्या मिनिटात उत्तर पंचाण्णव काढलं आणि मला दाखवलं. मी मान डोलावली.

"मंग माह्या बाबाले येतच नाही मोजता," ती म्हणाली. "इतके वर्सं लोकं उगाच त्याले बलावून राहिले."