चार्जरचं भविष्य सांगणारे काका

गुजरातेत, अकोट्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. एरवी मराठी बोलतात, पण भविष्य सांगायचं झालं की गुजरातीत शिरतात. "लखी राख!" म्हणजे लिहून ठेव. त्यांच्या महागड्या फोनची चार्जिंगची पिन जगावेगळी. "कंपनी सगळ्यांसारखी पिन कधीच देणार नाही, लखी राख!" हे मी सेवउसळीच्या गाडीवर ऐकलं, जिन्यात ऐकलं, एका तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ऐकलं. माझ्या साध्या फोनची वायर बघून तर ते हसायचेच. "ही धर्मशाळेची वायर, कुणीही यावं नि लावावी!"

शेवटी कंपनीने नव्या फोनला सगळ्यांसारखीच पिन दिली. काका तो फोन घेऊन माझ्या दारात हजर. खोक्यातली वायर सुनेने नेली होती. वाटलं, आता तरी चुकलो म्हणतील. कसलं काय! "मी सांगत नव्हतो, कंपनीला वाकावंच लागणार?" असं म्हणत त्यांनी माझीच वायर भिंतीतून उपटली. जिन्यातून आवाज आला, "उद्या सकाळी परत देतो, लखी राख!"

मी चपला घातल्या आणि नवी वायर आणायला निघालो.