उपवासाचं वजन

शिवकन्या अंगानं भरलेली होती. लहानपणापासूनच. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या गळ्याची हाडं वर आली, तिची आली नाहीत. खायला तिलाही तीच रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी होती, वर मीठ-मिरची. तरी ती होती तशीच राहिली. शेजारची कांताबाई म्हणायची, "साऱ्या गल्लीला दुष्काळ लागला, हिला तेवढा सोडून गेला." बाया हसायच्या. शिवकन्याही हसायची. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

चार वर्षांनी तिसरं स्थळ आलं आणि हसणं संपलं.

स्थळ बदनापूरचं. मुलगा वसंता, शेतकी फार्मवर कारकून, एकुलता एक. त्याची आई केशरबाई बघायला आली. तिनं पोहे खाल्ले, चहा घेतला. शिवकन्येला चालायला लावलं, बसायला लावलं, पुन्हा उठायला लावलं. मग उठून तिचा दंड चाचपून पाहिला.

"पोरगी गुणाची दिसून राह्यली," ती शिवकन्येच्या आईला, गिरिजाबाईला म्हणाली. "पण आमचा वसंता काडीसारखा. शेजारी उभी केली तर लोक हिला त्याची माय म्हणतील. दिवाळीपोतर उतरवा. उतरली तर तुळशीच्या लग्नानंतर बार उडवू. न्हाईतर मंग तुमी तुमचं बघा, आमी आमचं."

शिवकन्या तिथंच खाली मान घालून बसली होती. तिला वसंता आवडला की नाही, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. पण नाही म्हणून परत जाणारी माणसं तिनं आधी दोनदा पाहिली होती. तिसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती.

वजन उतरवायचा एकच रस्ता गिरिजाबाईला ठाऊक होता. उपास. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर एकादशी आणि चतुर्थी. देवही प्रसन्न होईल आणि पोरही उतरेल. उपासाच्या दिवशी धान्याचा कणसुद्धा पोरीच्या पोटात जाणार नाही, याकडे तिचं बारीक लक्ष असे. पण पोर दिवसभर उपाशी, म्हणून तिचा जीवही तुटे. सकाळी ती तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी करी, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घालून. दुपारी भगर. संध्याकाळी उकडलेलं रताळं, नाहीतर बटाटा. मधेमधे गोड चहा. पोरीला गळाठा यायला नको. हे सगळं ती स्वतःच्या तोंडचं काढून पोरीला घालत होती. आणि यातलं काहीच तिच्या लेखी खाणं नव्हतं. फराळ तो. जेवण म्हणजे भाकरी.

शिवकन्या निमूटपणे खात होती. खिचडी खाल्ली की पोट गच्च व्हायचं. घटकाभरानं तेच पोट खोल जायचं. हात थरथरायचे, डोकं हलकं व्हायचं, मन दुसऱ्या कशात लागायचं नाही. भाकरी आणि डाळ खाल्लेल्या दिवशी असं होत नसे. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत धुणं धुवायची, शेळीला पाला आणायची, आणि भूक वेळेवर लागायची.

"माय, खिचडीनं भूक जास्तच लागून राह्यली," ती एकदा म्हणाली.

"उपास म्हणलं की भूक लागायचीच. ती देवाला दिसती."

"पण आदीमदी चहा पिऊनबी..."

"तुझ्या मनात भाकरी हाय. मन काढ तिच्यातून."

शिवकन्येचे वडील सर्जेराव मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचा माल अडतीवर आला की तोलायचं काम त्यांचं. मोठा काटा, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. सर्जेरावांनी आकडा पुकारला की शेतकरीही मान हलवी आणि अडत्याही. पोत्यात खडे आहेत की माल ओला आहे, हे ते हात लावून सांगत. उभ्या हयातीत त्यांच्या मापावर कोणी दुसरं माप मागितलं नव्हतं.

"न मोजता उतरली कसं म्हणायचं?" ते म्हणाले.

म्हणून बाजार बंद असेल त्या दिवशी सकाळी ते शिवकन्येला मोंढ्यात नेऊ लागले. ती पारड्यात पाय मुडपून बसे. पदर घट्ट धरे. चारी साखळ्या तिच्याभोवती ताणल्या जात आणि जमीन सुटे. पहिल्या दिवशी सांडू हमाल तिथंच बिडी ओढत बसला होता.

"नाना, हा माल कोण्या अडतीचा म्हनायचा?"

"बदनापूरचा," सर्जेराव म्हणाले आणि हसले.

शिवकन्येनं डोळे मिटून घेतले.

श्रावण उपासांत गेला. श्रावण संपला तेव्हा वजन उतरलेलं नव्हतं, चढलं होतं. सर्जेरावांनी वजनं काढली, पुन्हा घातली. काट्याची जीभ पाहिली. काटा बरोबर होता. या वेळी ते हसले नाहीत. घरी आल्यावर पाटावर बसले आणि पोरीला समोर उभं केलं.

"पोतं आपल्या मनानं जड होत न्हाई. वलं तरी झालं, न्हाईतर कोणी भरलं. इतक्या वर्षांत तिसरं काही म्या पाह्यलं न्हाई."

"नाना, म्या माय देती तेवढंच खाल्लं."

"माय उपासाचं देती. उपासानं माणूस चढतं का?"

शिवकन्येलाही ते खरंच वाटत होतं. उपासानं माणूस कसं चढेल? पण तिनं काही चोरून खाल्लं नव्हतं, हेही खरं होतं. या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी बसत नव्हत्या. तिला लग्नाचं भय वाटत होतंच. आता त्याहून मोठं एक भय वाटू लागलं. घरात आपल्याला चोर समजतील.

गिरिजाबाईनं भाकरीची दुरडी फडक्यात बांधून ठेवायला सुरुवात केली. गाठ अशी मारायची की ती तिची तिलाच सुटावी. संध्याकाळी गाठ तशीच असायची. मग तिनं गुळाचा डबा फळीवर चढवला. डब्यालाही कोणी हात लावला नाही. आईला याचं समाधान वाटायला हवं होतं. तिला उलट काळजी वाटली. घरात खात नाही, म्हणजे बाहेर खाते.

गल्लीच्या टोकाला बेबीनंदाचं घर होतं. तिचे वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्या मागोमाग उपासही गेले. बेबीनंदा शिवकन्येची शाळेपासूनची मैत्रीण. ती आता बी.ए. करत होती. शिवकन्या दुपारी तिच्याकडे जायची. बेबीनंदा कादंबरी मोठ्यानं वाचायची, शिवकन्या भिंतीला टेकून ऐकायची. कधी तहान लागली तर तिथल्या माठातलं पाणी प्यायची. हे पाणी पिणं ती घरी सांगत नसे. एवढी एकच गोष्ट ती घरापासून लपवत होती.

नवरात्रात गिरिजाबाईनं नऊ दिवसांचा उपास धरायला लावला. सहाव्या दिवशी बेबीनंदाच्या ओट्यावर शिवकन्येला भोवळ आली. बेबीनंदानं तिला सावरलं आणि तशीच सरकारी दवाखान्यात नेली. तिथली डॉक्टरीणबाई पुण्याकडची होती. तिनं नाडी पाहिली, डोळे पाहिले.

"काय खातेस?"

"काही न्हाई. उपास हाय."

"काही नाही म्हणजे काय काय?"

शिवकन्येनं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगं, साबुदाणा म्हणजे नुसतं पिठूळ. बटाटा, रताळं, भगर, त्यातलेच भाऊबंद. वर तूप, कूट आणि साखरेचा चहा. एक भाकरी सोडून तू दोन भाकऱ्यांहून जास्त खाते आहेस. आणि पोटात टिकून राहील असं त्यात फारसं काही नाही, म्हणून लगेच पुन्हा भूक. अशानं अंग चढणार नाही तर काय होईल?"

"म्हंजे चोरून न खाताबी चढतं?"

"चोरून कशाला? तुला समोर बसवून खाऊ घातलंय."

शिवकन्या एकदम रडायला लागली. डॉक्टरीणबाईला वाटलं, पोर घाबरली. पण ती सुटल्यासारखी रडत होती. तिच्या बाजूनं बोलणारं कोणीतरी भेटलं होतं.

"जेवत जा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एक भाकरी, घट्ट डाळ, पालेभाजी, ताक. रोज आणि वेळेवर. सावकाश उतरशील."

शिवकन्या जवळजवळ पळतच घरी आली. एका दमात सगळं सांगितलं. गिरिजाबाई पीठ चाळत होती. तिनं चाळणी थांबवली नाही.

"देवाच्या उपासानं पोरगी फुगली म्हण. आन् भाकरी खाऊन उतरल. डागदरनीला सैपाक येतो का?"

"माय, तिनं बराबर सांगितलं. मला खिचडीनंच..."

"दवाखान्यात कोण नेल्तं तुला?"

"बेबीनंदानं."

आता चाळणी थांबली.

"त्यांच्यात उपास न्हाईत. तिला काय त्याचं? तू रोज जाऊन बसती तिथं. खरं सांग, तिथं काही तोंडात घालती का?"

शिवकन्येनं नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला ते पाणी आठवलं. खोटं बोलायची सवय नव्हती. ती क्षणभर थांबली.

त्या थांबण्यानं सगळं संपलं.

"पाणी पिती," ती मग म्हणाली. "पाणीच. दुसरं बिलकुल न्हाई."

पण गिरिजाबाईला जे ऐकायचं होतं ते तिनं आधीच ऐकलं होतं. दसरा झाल्यावर सर्जेरावांनी पुन्हा काटा लावला. वजन श्रावणाहूनही चढलेलं. त्यांनी पोरीला पारड्यातून उतरायला हातसुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा आली. तिला कोणी आत बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती म्हणाली, "मावशी, माझ्या गळ्याची शपथ, तिनं आमच्यात कधी घासभरबी खाल्लं न्हाई. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही स्वतः चला, विचारा."

"तू शिकलेली हाय बाई," गिरिजाबाई म्हणाली. "आमच्या पोरीला आता शिकवू नको. ती यायची न्हाई तुझ्याकडं."

बेबीनंदानं आत पाहिलं. शिवकन्या चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेही मोजलं गेलं असतं.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. शिवकन्येनं मग स्वतःच ठरवलं. उपासाच्या दिवशी ती खिचडीचं ताट घेऊन परसात जाई आणि शेळीपुढं ओती. ताट धुऊन आणी. दिवसभर पातळ ताक पिऊन राही. जेवायच्या दिवशी एक भाकरी आणि डाळ, तेवढंच. डॉक्टरीणबाईनं रोज जेवायला सांगितलं होतं. ते तिच्या हातात नव्हतं. सकाळी उठताना भिंतीला धरावं लागे. पण अंग उतरू लागलं. आधी चेहरा, मग दंड, मग पाठ. शेळी मात्र अशी भरली की कांताबाई म्हणाली, "गिरजे, हिला काय चारून राह्यली? ईदला चांगली जाईल."

दिवाळीच्या आधीच्या तोलाला आकडा खूप खाली आला. सर्जेरावांनी वजनं पुन्हा मोजली. मग त्यांनी स्वतः पोरीला खाली उतरवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघ. खाणं बंद झालं की वजन उतरलं. काटा कधी खोटं बोलत न्हाई."

"नाना, म्या चोरी बंद न्हाई केली. चोरी केलीच नव्हती. म्या खिचडी शेळीला घातली. शेळीकडं बघा."

"जाऊ दे आता."

"नाना, खरंच..."

"म्या माफ केलं तुला," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "झालं ते झालं. पोरीची जात, भूक लागली असंल. म्या काही मनात ठेवलं न्हाई."

शिवकन्येला वाटलं, त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मार खाल्ल्यावर उलट बोलता येतं. माफ केलेल्या माणसाला काही बोलता येत नाही.

केशरबाई आली. तिनं पुन्हा दंड चाचपून पाहिला आणि खूश झाली. तुळशीच्या लग्नानंतर बार उडाला. गिरिजाबाईनं गल्लीला सांगितलं, नवरात्र फळलं. पाठवणीच्या वेळी ती विहिणीच्या गळ्यात पडून रडली. पोरीचं चांगलं व्हावं एवढंच तिच्या मनात होतं. पुन्हा अंग चढलं तर तिला माहेरी आणून टाकतील, हीच धास्ती. म्हणून जाताजाता तिनं विहिणीला हळूच सांगितलं. हळूच, पण शिवकन्या शेजारीच उभी होती.

"कामाला वाघ हाय. एकच खोड. खाण्यात हात चोरटा. आमी बंद केलं. तुमीबी जरा नजर ठेवा."

"बरं झालं सांगितलं," केशरबाई म्हणाली. "आमच्या सैपाकघराला कडी हाय."

पुढच्या उन्हाळ्यात बेबीनंदाची बी.ए.ची परीक्षा झाली. ती सकाळच्या गाडीनं बदनापूरला गेली. पत्ता विचारत घर शोधलं. शिवकन्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. बेबीनंदानं आधी तिला ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. आतून केशरबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोलायचं पुष्कळ होतं. कुठून सुरुवात करावी ते बेबीनंदाला कळेना. म्हणून जे कोणीही कोणालाही विचारतं, तेच तिनं विचारलं.

"जेवलीस का गं?"

शिवकन्येनं झटकन हात सुपातून काढला. दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवले. मग आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"न्हाई गं. म्या काहीबी खाल्लं न्हाई."