टपात अडकलेल्या अक्षता

रोह्याजवळच्या अष्टमी गावात कमळाकरकडे वरातीची उघडी गाडी आहे. बटण दाबलं की कापडी टप घडी होऊन मागच्या कप्प्यात जातो, पुन्हा दाबलं की डोक्यावर येतो. रोह्यापासून पेणपर्यंत किती नवऱ्या त्यानं मिरवल्या, त्याला गणती नाही. परक्यांच्या पोरी मिरवता मिरवता डोकं पांढरं झालं, आणि आता कुठे घरची वरात आली. उद्या ऋतुजाचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न. नेमका आजच टपानं रुसवा धरला! पुढे यायचा आणि काचेच्या चौकटीपासून दोन बोटं अलीकडे अडून बसायचा.

पेणच्या व्याह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "गाडी तुमचीच आणा, पण हायवेच्या धुरळ्यातून टप लावून. नायतर आमची एसी गाडी हायच." बोलणं गोड होतं, पण कमळाकरला झोंबलं. ऋतुजा लहानपणापासून म्हणायची, "बाबा, माझ्या वरातीत गाडी तुम्हीच चालवायची." टप लागला नाही तर लेक दुसऱ्याच्या गाडीतून सासरी जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

सखा वायरमननं बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, पंपाचं तेल बघितलं. शेवटी म्हणाला, "दादा, मोटर ओरडतेय, म्हणजे जीव हाय तिच्यात. कायतरी आडवं येतंय."

"आडवं काय येणार? माझं नशीब!" कमळाकर खेकसला.

चंद्रावती चहा घेऊन आली. लेकीची हळद दळून बायकोचे हात पिवळे झाले होते. एवढ्या वर्षांत ती या गाडीत एकदाही बसली नव्हती. टपाचा हूक ज्या भोकात बसतो, तिथं वाकून बघत ती म्हणाली, "अवो, ह्यात काय पिवळं दिसतंय?" केसातली पिन काढून तिनं कोरलं. तांदूळ! हळदकुंकवात भिजून दगड झालेले. दुसऱ्या भोकातही तेच.

"गाडी झाडत नाय काय तुम्ही?"

"अक्षतांना झाडू लावू काय गो? लोकांच्या लेकींचे आशीर्वाद ते!"

आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येक वरातीनंतर हा बाबा सीटवरचा दाणा न् दाणा हातानं वेचून कुंडलिका नदीत सोडायचा. भोकात काय साचलंय, ते मात्र कधी बघितलं नाही.

"धन्य हाय तुमची!" चंद्रावतीनं कपाळाला हात लावला. सखा फिस्सकन हसला. भोकं साफ झाल्यावर कमळाकरनं बटण दाबलं. टप सरसर पुढे आला, हूक खटकन बसले. कमळाकरला रडूच कोसळलं, आणि सखासमोर त्याची त्याला लाजही वाटली नाही.

ऋतुजा बापाच्याच गाडीतून गेली. टप लावून नागोठणं, वडखळ ओलांडलं, पेणच्या वेशीवर उघडला, आणि दारादारांतून अक्षता पडल्या. रीतीप्रमाणे चंद्रावती घरीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात आली, ती उघडीच. कमळाकर भुवयांपासून बुटांपर्यंत धुळीनं माखलेला.

"अगो बाय! परत बिघडला?"

"नाय. लावलाच नाय." त्यानं चौकटीतल्या भोकाकडे बोट दाखवलं. आत पिवळे दाणे होते. "लावला असता तर चुरडल्या असत्या. ह्या आपल्या पोरीच्या हायत गो. तुझ्या हातानं काढ."

चंद्रावतीनं केसातली पिन काढली, दार उघडलं आणि पहिल्यांदाच त्या गाडीत जाऊन बसली.