दाताने गिटार ऐकणारे मावसाजी

जगातली कुठलीही वस्तू केव्हा मरणार, हे त्या वस्तूच्याही आधी माझ्या मावसाजींना कळतं. यात मी मीठमसाला लावत नाही. रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणालाही विचारा. मावसाजी, माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान, रेल्वेत होते. गाडी यार्डात येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं आणि कुठलं चाक आतून तडकलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर रेल्वेने हातोडी परत घेतली, सवय काही घेतली नाही. आता ते बोटाच्या पेराने ठोकतात. कुकर, टरबूज, कपाट, काहीच सोडत नाहीत. मी बी.कॉम. झाले, आमच्या अख्ख्या खानदानात पहिली, तेव्हा डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली होती. सगळे पेढे खात होते आणि मावसाजींनी पुढे होऊन फ्रेमवर दोनदा टकटक केलं. म्हणाले, "पक्की हाये." निकाल बघूनही मला तेवढा आनंद झाला नव्हता, हे मी स्पष्टच सांगते.

पण हे ठोकणं नेहमीच असं आनंदाचं नसायचं. शेजारच्या शर्माजींचा कूलर झकास चालला होता. मावसाजींनी जाता जाता त्यावर हात ठेवला, एकदा ठोकलं आणि म्हणाले, "मंगळवारी जाईल." मंगळवारी दुपारी कूलर गेला. त्यानंतर कोपऱ्यावरची पाण्याची टाकी, मग एक स्कूटर. हळूहळू असं झालं की मावसाजी गल्लीतून निघाले की लोक आपापल्या गाड्यांपुढे आडवे उभे राहायचे, आणि शर्माजीण "नमस्ते भाईसाहब" म्हणता म्हणता फ्रिजच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मावसाजींनी मुलाच्या पाठीवर थाप मारायच्या निमित्ताने दोन बोटांनी ठोकलं आणि गप्पच झाले. मावशीने सगळ्यांना पुन्हा पुन्हा पोहे वाढून ती वेळ निभावली. लग्न जमलं नाही. पण तो मुलगा अजून दर दिवाळीला मावशीकडे फोन करतो आणि भीत भीत विचारतो, "मावसाजींनी तेव्हा काय ऐकलं होतं?" मावसाजी फोनवर येत नाहीत. फोनवर माणूस खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं. खरं बोलणं तोंडावर दिसतं म्हणतात, आणि समोरच्याच्या तोंडाकडे पापणी न हलवता असे बघत राहतात की लहान लेकरं रडायला लागतात.

असा माणूस माझ्या गिटारचा मालक होऊन बसला, ती गोष्ट सांगायची आहे. मी सेकंड इयरला असताना ट्यूशन घेऊन एक इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. शिकणाऱ्यांसाठी मिळते ती, हलकी, प्लायवूडची, सोबत डब्याएवढा अँप्लिफायर. घरात आई वैतागायची म्हणून मी ती मावशीकडे ठेवली, मागच्या खोलीत, भिंतीला टांगून. मावसाजींनी उभ्या जन्मात एक सूर वाजवलेला नाही. पण ते दारातून आत आले की भिंतीवरच्या गिटारच्या तारा हलकेच गुणगुणायच्या. मावशी म्हणायची, "त्यायचे पाय जड हायेत, फरशी हालते." असेल. मला मात्र प्रत्येक वेळी मानेवर गार हात ठेवल्यासारखं व्हायचं.

एकदा मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली होती. गल्लीत चिटपाखरू नाही, कूलर बंद, खोलीत ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास आणि पडद्यातून येणारा हिरवट उजेड. मी डोळे मिटून, अँप्लिफायरशिवायच सराव करत होते. एकाएकी गिटार जड झाली. कुणीतरी दुसरं टोक धरावं तशी. डोळे उघडले तर मावसाजी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलेले, डोळे मिटलेले, आणि गिटारच्या खुंट्यांकडचं टोक त्यांनी दातात धरलेलं. 

"बजाव," ते लाकूड तोंडात ठेवूनच म्हणाले.

मी वाजवलं. दुसरं करणार काय? बऱ्याच वेळाने त्यांनी टोक सोडलं, रुमालाने लाकूड नीट पुसलं आणि म्हणाले, "कानात अर्धाच आवाज येते पोट्टी. बाकीचा हाडात येते." त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी हा कार्यक्रम. मला वाटतं, सवय कशाचीही होते. दातात गिटार धरलेल्या म्हाताऱ्याचीसुद्धा.

पुढे मी तेलीबांध्याला एका ऑफिसात नोकरीला लागले आणि आमच्या बुद्धविहारातल्या गाण्याच्या ग्रुपमध्ये वाजवायला लागले. तिथे बायकांची जागा कोरसमध्ये, मागच्या ओळीत, टाळ्या वाजवायला. वाद्य घेऊन पुढे बसणारी मी पहिलीच. ग्रुपचे दादा, म्हणजे हार्मोनियमवाले, ते कसंबसं सहन करत होते. बुद्धपौर्णिमा महिन्यावर आली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "हा डब्बा पौर्णिमेला आणू नको. करकर करून राहिला. नवी गिटार घे, नाही तं कोरसमध्ये उभी राह्य."

नवी घ्यायची माझी तयारी होती. पण मावसाजींना न विचारता? ज्यांनी शर्माजींच्या कूलरचा वार सांगितला, त्यांना डावलून गिटार घ्यायची माझी छाती नव्हती. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी पण.

"मावसाजी, बदलू का?"

त्यांनी दात लावले, मी वाजवलं, त्यांनी टोक सोडलं. "अजून नाही."

"अजून म्हणजे कधी?"

"चूक झाली का तू म्हनते गिटार खराब हाये. ज्या दिवशी तुले पक्कं कळंल का कोनती चूक तुही अन् कोनती तिची, त्या दिवशी बदलव. तोवर नवी घेशीन तं तुह्याच चुका महाग व्हतीन."

मला ते पटलं. मी रोज ऑफिसातून आले की एकच ओळ हळूहळू वाजवून चुका शोधायला लागले. बऱ्याचशा माझ्याच निघाल्या, त्याची लाज वाटली. पण सातव्या फ्रेटवर, दांड्यावरच्या सातव्या पट्टीवर, बोट कसंही ठेवा, तार करकरायचीच. ती काही केल्या माझी नव्हती. पुढच्या रविवारी सांगितलं. मावसाजी म्हणाले, "अजून नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पौर्णिमा आठवड्यावर आली. मी रडकुंडीला आले. शेवटी मीच म्हटलं, "निदान दुकानात चला. तुम्ही म्हणाल तीच घेईन." बराच वेळ ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग चपला घातल्या.

गोल बाजारापासून थोडं पुढे एक जुनं वाद्यांचं दुकान आहे. तिथल्या भैयाने पहिली गिटार काढली. चांगली जड, घट्ट लाकडाची. मी तार छेडली, मावसाजींनी वाकून टोकाला दात लावले.

"दीदी," भैया घाबरून म्हणाला, "अंकल उसको खा क्यों रहे हैं?"

"चेक कर रहे हैं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मावसाजींनी मान हलवली. "मुकी हाये." दुसरी काढली. "हेबी मुकी." तिसरी, चौथी. एकेक गिटार महाग होत गेली आणि मावसाजींचा चेहरा उतरत गेला. पाचवीच्या वेळी भैयाची सहनशक्ती संपली. "मुकी मतलब गूँगी ना? गूँगी बोल रहे हैं मेरे माल को!" म्हणून त्याने ती मोठ्या अँप्लिफायरला जोडली, बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि सगळ्या तारांवर एकदम हात मारला.

काच थरथरली. बाहेरचं कुत्रं पळालं. मी दचकून मागे सरले. मावसाजी आमच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या बासऱ्या बघत उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. खांदासुद्धा हलला नाही. आवाज विरून गेला, दुकानात शांतता पसरली, आणि ते तसेच उभे होते, शांत, एकेका बासरीवर बोट ठेवत.



मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. आता कळलं, ते कायम ओठांकडेच बघायचे.

"मावसाजी, कधीपासून?"

"नोकरीत व्हतो तवापासून."

"मग चाकं?"

"दांड्यातून येते ना हातात. एकबी चाक चुकलं नाही." यात थोडा अभिमान होता. मग हळूच म्हणाले, "तुह्या मावशीले सांगजो नको. तिले वाटते मी ऐकूनबी न ऐकल्यासारखं करतो. थेच बरं हाये."

"आणि माझी गिटार?"

"थे पतली हाये. सारी थरथरते. दातातून डोक्यात येते. ह्या चांगल्या हायेत, थरथर तारेतच ठेवतात, लाकडाले देत नाहीत." त्यांनी पाचवी गिटार माझ्या हातात दिली. "हेच घे. थे करकर तुही नव्हती. मले महिन्यापासून ठाऊक व्हतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मंग मले काय ऐकू आलं असतं?"

मी गिटार घेतली. घ्यायची नाही असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या ओळीत उभं राहून टाळ्या वाजवायला मी इथवर आले नव्हते, आणि हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

पौर्णिमेला सकाळी विहार भरला होता. मी पुढे बसले, नव्या गिटारवर. आवाज स्वच्छ, गोल. दादांनीसुद्धा मान डोलावली. पहिल्या ओळीत मावसाजी होते. दोन्ही तळहात त्यांनी फरशीवर टेकवले होते, लोकांना वाटलं वंदन करताहेत. मग ते बसल्या बसल्या सरकायला लागले. एकेक वीत, मोठ्या स्पीकरच्या दिशेने, पोरं खिदळत होती, कुणीतरी "अंकल, हटिए" म्हणत होतं, ते कशाला ऐकतात! शेवटी स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून त्यांनी डोळे मिटले. मी हात मागे नेऊन अँप्लिफायरचा आवाज वाढवला. दादांनी डोळे वटारले. मी आणखी वाढवला. मावसाजींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि मी वाढवत राहिले.

त्यांच्यापर्यंत ते पोचलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.